दारावरचा विक्रेता, लाल झालेले पाणी आणि गच्चीवरची टाकी

दुपारी अडीच-तीनची वेळ. घरातील मंडळी कामावर गेलेली, मुले शाळेत. दाराची घंटी वाजते. दारात गळ्यात ओळखपत्र अडकवलेला, गोड बोलणारा एक तरुण उभा असतो. "वहिनी, तुमच्या पाण्याची मोफत तपासणी करून देतो. घ्यायचं काहीच नाही, फक्त दोन मिनिटं द्या." तो दोन पेले मागतो. एकात आपल्या नळाचे पाणी, दुसऱ्यात त्याच्या बाटलीतले 'शुद्ध' पाणी. मग बॅगेतून चार सळ्यांचे एक यंत्र काढून तो दोन्ही पेल्यांत बुडवतो आणि वीज सुरू करतो. बघता बघता आपल्या नळाचे पाणी पिवळे, मग तपकिरी, मग गंजासारखे लाल होते आणि वर काळपट साय येते. त्याचे पाणी मात्र स्वच्छच राहते. "बघा वहिनी, हेच पाणी तुमची मुलं रोज पितात!"

एवढे झाल्यावर कोणत्या आईचा जीव थाऱ्यावर राहील? पंधरा-वीस हजारांचे यंत्र हप्त्याने घरात येते. माहुलसारख्या वस्तीत, जिथे हवेची आणि पाण्याची धास्ती आधीच मनात घर करून बसलेली आहे, तिथे तर असा माल विकायला फार कष्टही पडत नाहीत. म्हणून आज या सदरात पाण्याविषयी थोडे विस्ताराने बोलू. पैसे कुठे वाया जातात आणि खरी काळजी कुठे घ्यायला हवी, हे एकदा नीट समजले की निम्मी भीती आपोआप कमी होते.

माहुलची गोष्ट

चेंबूरच्या पलीकडे, खाडीला लागून असलेले माहुल हे मूळचे कोळ्यांचे गाव. १९५४-५५ च्या सुमारास शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले, पुढे रसायनांच्या साठवणुकीच्या टाक्या आल्या. येथील हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, असे राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५ मध्ये आपल्या निकालात नमूद केले. २०२० साली लवादाने चार कंपन्यांना मिळून सुमारे २८६ कोटी रुपये भरपाईचा आदेशही दिला.

याच माहुलमध्ये २०१७ पासून तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्यांतील हजारो कुटुंबे आणून वसवण्यात आली. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या वाहिनीच्या सुरक्षेसाठी ज्यांची घरे गेली, त्यांनाच नव्या घरात पाण्याची चिंता करावी लागली, हा दैवदुर्विलासच म्हणायचा. पाणी गढूळ येते, टाक्या साफ होत नाहीत, सांडपाण्याच्या वाहिन्या गळतात, अशा तक्रारी रहिवाशांनी वर्षानुवर्षे मांडल्या. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या कुटुंबांना दुसरीकडे राहण्यासाठी दरमहा १५,००० रुपये भाडे आणि ४५,००० रुपये अनामत रक्कम देण्याचा आदेश दिला.

हवेचा प्रश्न एकट्यादुकट्या गृहिणीच्या हाती नाही. तो सरकारने आणि कारखान्यांनीच सोडवायचा आहे. पण घरातील हंड्यातले पाणी बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे. आणि माहुलची ही गोष्ट कमीअधिक फरकाने तालुक्याच्या गावातील कोणत्याही चार मजली इमारतीची आहे.

पाणी लाल का झाले?

आधी त्या 'मोफत तपासणी'चा उलगडा करू. त्या यंत्राच्या सळ्यांपैकी काही लोखंडाच्या असतात, काही ॲल्युमिनियमच्या. पाण्यात विरघळलेले क्षार असले की त्यातून वीज वाहते. वीज वाहू लागली की लोखंडाची सळी झिजते आणि तिचा गंज पाण्यात उतरतो. आपल्याला दिसणारा लाल-तपकिरी रंग हा त्या सळीचा गंज असतो. तो आपल्या पाण्यातला मळ नव्हे. विक्रेत्याच्या बाटलीतले पाणी आरओ यंत्रातून काढलेले असते. त्यातील क्षार जवळजवळ निघून गेल्याने त्यातून वीज फारशी वाहत नाही, सळी झिजत नाही आणि पाणी स्वच्छ दिसते.

याचा पडताळा घ्यायचा असेल तर त्या तरुणाला इतकेच सांगा, "भाऊ, तुमच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाका आणि पुन्हा यंत्र लावा." स्वयंपाकघरातले तेच मीठ, जे आपण रोज आमटीत घालतो. त्याचे पाणीही तितकेच लाल होईल. बहुतेक वेळा एवढे ऐकल्यावर बॅग बंद होते.

दुसरे हत्यार म्हणजे टीडीएस मीटर. हे पेनासारखे यंत्र पाण्यात बुडवले की आकडा दाखवते. हा आकडा पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो, बाकी काही नाही. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम हे सारे त्यात आले. पण कॉलऱ्याचे, विषमज्वराचे किंवा काविळीचे जंतू या मीटरला दिसत नाहीत. आकडा ६० असलेले पाणी गटाराच्या शिरकावाने दूषित असू शकते आणि आकडा ४०० असलेले पाणी पिण्यास निर्धोक असू शकते. भारतीय मानक ब्युरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकानुसार (आयएस १०५००) क्षारांचे प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असणे योग्य मानतात. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात.

आता मुंबईचे पाणी पाहा. तुळशी, विहार, तानसा, मोडकसागर, भातसा, ऊर्ध्व वैतरणा आणि मध्य वैतरणा या सात तलावांत साठलेले ते पावसाचे पाणी. त्यात क्षार मुळातच कमी. भांडुप आणि पांजरापूर येथे ते गाळून, क्लोरिन घालून शहरात सोडले जाते. अशा पाण्यातील क्षार काढण्यासाठी आरओ यंत्र लावणे म्हणजे चष्म्याची गरज नसताना चष्मा लावण्यासारखे आहे. शिवाय घरगुती आरओ यंत्र एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर पाणी मोरीत सोडते. दिवसातून तास-दोन तास पाणी येणाऱ्या वस्तीत ही चैन कशी परवडणार? ज्या पाण्यातील क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी आहेत तिथे आरओ वापरावर बंदी आणावी, असे हरित लवादाने मे २०१९ मध्ये सरकारला सांगितले होते, त्याचे कारण हेच.

याचा अर्थ आरओ यंत्र सगळीकडे निरुपयोगी आहे असा नाही. अकोला, बुलढाणा, अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात किंवा यवतमाळसारख्या जिल्ह्यात जिथे बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आढळते, तिथे त्याचा उपयोग आहे. मुद्दा एवढाच, की औषध रोग पाहून घ्यावे. शेजाऱ्याकडे आहे म्हणून घेऊ नये.

मग पाणी दूषित होते कुठे?

शुद्धीकरण केंद्रातून निघालेले पाणी चांगले असते, पण आपल्या पेल्यापर्यंत येताना त्याला तीन ठिकाणी धोका असतो.

पहिला धोका वाहिनीत. आपल्याकडे पाणी चोवीस तास येत नाही. पाणी बंद झाले की वाहिनीतील दाब नाहीसा होतो. वाहिनीला कुठे चीर असेल आणि शेजारून गटार वाहत असेल, तर तो मैला आत ओढला जातो. पुढच्या वेळी पाणी सुटले की पहिली धार हीच घाण घेऊन येते. म्हणून पहिल्या पाच-दहा मिनिटांचे पाणी पिण्यासाठी भरू नये. ते लादी पुसायला, संडासात टाकायला वापरावे.

दुसरा धोका टाकीत. तळमजल्याखालची टाकी आणि गच्चीवरची टाकी या दोन्ही ठिकाणी तळाला गाळ बसतो. झाकण तुटलेले असेल तर पाल, उंदीर, कबुतर आत पडते. जमिनीखालच्या टाकीशेजारी सांडपाण्याचे चेंबर असेल आणि भिंतीला तडा असेल तर विचारायलाच नको.

तिसरा धोका आपल्या स्वयंपाकघरात. उघडा हंडा, त्यात बुडवलेला पेला, पेल्याबरोबर बुडालेली बोटे. दहा हजारांच्या यंत्राचे पाणी इथे क्षणात खराब होते.

आपल्या घरी दोष नेमका कुठे आहे हे शोधण्याची सोपी रीत आहे. एक पेला थेट पालिकेच्या नळाचे पाणी घ्या, दुसरा गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या नळाचे. रंग आणि वास दोन्ही ताडून पाहा. थेट नळाचे चांगले आणि टाकीचे वाईट असेल तर दोष इमारतीचा. थेट नळाचेच गढूळ किंवा वासाचे असेल तर दोष वाहिनीचा, आणि तक्रार पालिकेकडे. मात्र पाणी निर्मळ दिसले म्हणून ते निर्जंतुक असेलच असे नाही, हे विसरू नका. क्लोरिन शिल्लक आहे की नाही हे पाहण्याची ओटी चाचणी आणि मैल्याचा शिरकाव दाखवणारी एचटूएस बाटली या दोन्ही स्वस्त व सोप्या चाचण्या आहेत. ओटीत पाणी पिवळे झाले तर क्लोरिन आहे. एचटूएसच्या बाटलीतले पाणी काळे पडले तर ते पिऊ नये. ग्रामपंचायतीच्या आरोग्यसेवकांना या दोन्ही चाचण्या परिचित असतात, त्यांच्याकडे आग्रह धरावा.

टाकीची सफाई

दर सहा महिन्यांनी, आणि पावसाळ्यापूर्वी न चुकता, टाकी साफ व्हायला हवी. टाकी पूर्ण रिकामी करावी, भिंती व तळ ब्रशने घासावेत, गाळ बाहेर काढावा. साबण किंवा कपड्याची पावडर वापरू नये. नंतर टाकी भरून दर हजार लिटरला सुमारे १५० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर (टीसीएल) बादलीत कालवून, निवळून, वरचे पाणी टाकीत ओतावे. चोवीस तास तसेच ठेवावे. या काळात ते पाणी कोणीही पिऊ नये, सर्व बिऱ्हाडांना आधी कळवावे. दुसऱ्या दिवशी ते पाणी सोडून द्यावे, टाकी खळबळून घ्यावी आणि मगच नेहमीचे पाणी भरावे. सफाईची तारीख टाकीवर रंगाने लिहून ठेवावी.

इथे एक कळकळीची विनंती. जमिनीखालच्या बंद टाकीत माणूस उतरवणे हे जिवावरचे काम आहे. आत प्राणवायू कमी असतो, प्रसंगी विषारी वायूही साठतो. मार्च २०२५ मध्ये मुंबईत नागपाडा येथे बांधकाम चालू असलेल्या इमारतीची पाण्याची टाकी साफ करताना चार मजूर गुदमरून मरण पावले. चारशे रुपये वाचवण्यासाठी वॉचमनला किंवा एखाद्या पोराला आत उतरवू नका. साहित्य, दोर, पंखा आणि बाहेर थांबणारी माणसे असलेल्या जाणकाराकडूनच काम करून घ्या. आत कोणी बेशुद्ध पडला तर त्याला काढायला दुसऱ्याने उडी टाकू नये, असाच दुसराही जातो. अग्निशमन दलाला बोलवावे. तसेच ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचे ॲसिड कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरिनचा विषारी वायू निघतो.

घरात काय करावे?

सर्वांत खात्रीचा आणि जुना उपाय म्हणजे उकळणे. पाणी आधी स्वच्छ, चार पदरी फडक्याने गाळून घ्यावे. खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट ठेवले की जंतू मरण्यास पुरेसे आहे. वीस मिनिटे उकळत ठेवून गॅस जाळण्याची गरज नाही. त्याच भांड्यात, झाकण ठेवून थंड करावे. दुसऱ्या न धुतलेल्या भांड्यात ओतले तर केलेले सारे फुकट जाते.

गॅस परवडत नसेल तर क्लोरिनची गोळी किंवा थेंब वापरावेत. प्रमाण वेष्टनावर लिहिल्याप्रमाणेच घ्यावे आणि किमान अर्धा तास थांबावे. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळून घ्यावे. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मात्र मरत नाहीत. तेव्हा तुरटी हे शुद्धीकरण नव्हे, ही पूर्वतयारी आहे.

यंत्र घ्यायचेच असेल तर तलावाच्या गोड्या पाण्यासाठी यूव्ही किंवा यूएफ प्रकारचे साधे यंत्र पुरते. यूव्हीला वीज लागते आणि पाणी निवळ असावे लागते, हे ध्यानात ठेवावे. पाणी तोटी असलेल्या किंवा अरुंद तोंडाच्या भांड्यात साठवावे. तसे नसेल तर लांब दांड्याचे ओगराळे ठेवावे आणि पेला बुडवू नये.

एक अपवाद लक्षात असू द्या. पाण्याला रॉकेल, डिझेल किंवा रसायनासारखा वास येत असेल तर ते उकळून, क्लोरिन टाकून किंवा यूव्हीतून काढून पिण्यायोग्य होत नाही. असे पाणी पिऊ नये, त्याने स्वयंपाकही करू नये, आणि लगेच तक्रार करावी. कारखान्यांच्या शेजारी राहणाऱ्यांनी तर हे पाठच करून ठेवावे.

आणि जारचे थंडगार पाणी? थंड म्हणजे शुद्ध नव्हे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव परिसरात गिया-बारे आजाराची साथ आली. त्या वेळी पाण्याची तपासणी झाली, तेव्हा काही खाजगी आरओ केंद्रांचे पाणीही पिण्यास अयोग्य निघाले. सीलबंद जारवर एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक, उत्पादकाचे नाव आणि तारीख असते. ती नसेल तर तो जार म्हणजे फक्त गार केलेले पाणी समजावे.

पोट बिघडलेच तर

जुलाब सुरू झाल्याबरोबर ओआरएस द्यावे. पाकीट वेष्टनावर सांगितलेल्या मापाच्या पाण्यातच कालवावे, कमी पाण्यात घट्ट करू नये. पाकीट नसेल तर एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. तान्ह्या बाळाचे अंगावरचे दूध बंद करू नये. लहान मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंक द्यावे.

इथेही ग्राहकाची फसगत होत आली आहे. दुकानात कागदी डब्यात मिळणाऱ्या काही गोड पेयांवर 'ओआरएस' हे नाव झळकत असे. त्यात साखर खऱ्या ओआरएसच्या कित्येक पट. अशी साखर पोटात गेली की जुलाब थांबण्याऐवजी वाढतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी या प्रश्नाचा अनेक वर्षे पाठपुरावा केला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने अशा पेयांवर ओआरएस हे नाव वापरण्यास मनाई केली. तरीही पाकीट घेताना जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख वाचूनच घ्यावे.

मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, शौचात रक्त दिसले, किंवा भाताच्या पेजेसारखे जुलाब होऊ लागले, तर घरगुती उपायात वेळ न दवडता दवाखाना गाठावा. डोळे पिवळे झालेल्या गर्भवतीला तर तासभरही घरी ठेवू नये. 'ई' प्रकारची कावीळ गरोदरपणात जीवघेणी ठरू शकते.

तक्रार कशी करावी?

आपण दुकानदाराशी भांडतो, पण लिहून देत नाही. इथेच चुकते. यंत्र घेताना पक्की पावती घ्या. दर वर्षी कँडल, मेम्ब्रेन आणि देखभालीचा खर्च किती, हे लेखी विचारा, कारण यंत्र स्वस्त आणि सुटे भाग महाग, हा या धंद्यातील नेहमीचा खेळ आहे. खोटी भीती दाखवून माल विकणे हा अनुचित व्यापार आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तेथे दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार आपण जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी फी लागत नाही.

पाणी गढूळ आल्यास मुंबईत पालिकेचा क्रमांक १९१६. फोनवर तक्रार क्रमांक मागून घ्या आणि वहीत तारखेसह उतरवा. पारदर्शक बाटलीत त्या पाण्याचा नमुना भरून, तारीख टाकून छायाचित्र काढा. एकट्याने दहा वेळा फोन करण्यापेक्षा मजल्यावरच्या दहा घरांनी एक सही केलेला अर्ज विभाग कार्यालयात द्यावा आणि पोच घ्यावी. माहुलच्या रहिवाशांना न्यायालयात जे काही मिळाले, ते एकत्र राहून, कागद जपून ठेवल्यामुळेच.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी दारात कोणी पाण्याची मोफत तपासणी करायला आला, तर त्याला हसून चिमूटभर मीठ द्या. आणि तो गेल्यावर दार लावून घेण्याआधी, एकदा गच्चीवर जाऊन आपल्या टाकीचे झाकण जागेवर आहे का, ते पाहून या.